मराठी पोस्टर इंग्रजीइतकं नीटनेटकं का दिसत नाही? कोणता फॉन्ट वापरू?

तुमचा प्रश्न असा आहे: तोच लेआउट, तेच रंग, इंग्रजीत पोस्टर छान दिसतं, पण मराठी मजकूर टाकला की गिचमिड होते, तर फॉन्ट कोणता बदलावा? फॉन्टची नावं शेवटी देतो. त्याआधी दोन ओळींमधलं अंतर बघा. माझ्या कामात दहापैकी आठ वेळा दुखणं तिथंच निघतं.

ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लागणारं लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असतं. लॅटिन लिपीला तेवढं पुरतं. आता 'मूर्तींसाठी' हा शब्द टाइप करून मोठा करून बघा. 'र्तीं'च्या माथ्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं एकत्र बसलेत, आणि शेजारच्या 'मू'चा ऊकार खाली लोंबतोय. बरोबर याच्या वरच्या ओळीत 'कर्तृत्व' आला, तर त्याचा ऋकार या रफारावर येऊन आदळतो. मी परिच्छेदाला १५० ते १६० टक्के लीडिंग देतो. मथळ्यात मात्र शब्द ठरलेले असतात, त्यामुळे कुठली मात्रा कशाला भिडते ते डोळ्यांनी बघून अंतर हातानं कमी करतो. मजकूर बदलला की हे पुन्हा बघावं लागतं.

दुसरं, ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळ्यात कॅपिटल अक्षरं लांब लांब ठेवली की भारदस्त दिसतात. तीच सवय मराठीत आणली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिरोरेषा हीच आपल्या शब्दाला बांधून ठेवते, तिला हात लावू नका. देवनागरीत कॅपिटल नाहीत आणि तिरकी अक्षरंही मुळात आपली नाहीत. म्हणून जोर द्यायचा तर वजन (अक्षराची जाडी), आकार किंवा रंग बदलून द्या. पण बोल्ड फॉन्टमध्येच असायला हवा. सॉफ्टवेअरनं जबरदस्तीनं जाड केलेल्या अक्षरात 'ध' आणि 'भ'च्या गाठी बुजतात, 'क्ष' आणि 'ज्ञ'चे तर नुसते डाग उरतात.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. एका पदभ्रमणाच्या पत्रकात 'डोंगरदऱ्या' हा शब्द 'डोंगरदर्या' असा छापून गेला. दर्या म्हणजे समुद्र! साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की रफार येतो. आपल्याला हवा असतो आडवा, पापणीसारखा अर्धा र. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन मग हलन्त आणि य टाइप करावं लागतं. पत्रक तपासताना माझं सगळं लक्ष रंगांवर होतं. तेव्हापासून छपाईआधी मी 'र्य' आणि 'र्ह' फाइलमध्ये मुद्दाम शोधतो.

'ल' आणि 'श'कडेही बघा. मराठी वळण पाकळीच्या 'ल'चं आणि देठाच्या 'श'चं आहे. पुष्कळ फॉन्ट सुरुवातीला हिंदी वळण दाखवतात, पण मराठी रूपं त्यांच्यात दडलेली असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ती पुढे येतात. वाचणाऱ्याला फरक नेमका सांगता येत नाही, पण मजकूर आपला वाटतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता नावं. रोजच्या कामाला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' घ्या. त्यात सात वजनं आहेत आणि जोडीची लॅटिन अक्षरंही आहेत, त्यामुळे दोन्ही लिपी शेजारी नांदतात. लांब मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' मला सर्वांत आवडतो. मराठी वळण त्यात मुळातच आहे, फक्त बोल्ड नाही. लहान मुलांसाठी किंवा खेळकर मथळ्यासाठी 'बालू'. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामालाही पैसे पडत नाहीत. वेगवेगळ्या घरचे दोन फॉन्ट जोडणार असाल तर सारख्या पॉइंटवर, म्हणजे आकाराच्या आकड्यावर, विसंबू नका. वर-खाली मात्रांना जागा ठेवावी लागते म्हणून देवनागरी अक्षर बऱ्याचदा लहान दिसतं, ते नजरेला जुळेपर्यंत वाढवा.

आणि कुठलाही नवा फॉन्ट घेण्याआधी त्यात एवढी ओळ टाइप करून बघा: 'ॲप, ऑफिस, दऱ्या, दर्या, शृंगार, आर्द्र, बुद्धी, चिठ्ठी, मूर्तींसाठी, कर्तृत्व'. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. तसं झालं तर तो फॉन्ट कितीही देखणा असला तरी मराठी कामाला घेऊ नका.