सायकलिंगचा रूट आखायला फुकटातला चांगला ऑनलाइन प्लॅनर कोणता?

माझं मत विचाराल तर आधी बीराउटर वापरून बघा, ब्राउझरमध्येच चालतं, अकाउंट लागत नाही आणि जीपीएक्स फाईल (आखलेला रूट साठवलेली फाईल) सरळ डाउनलोड होते. खरी गोष्ट अशी की यातले बरेच प्लॅनर एकाच ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालतात (२००४ पासून लोकांनीच भरलेला नकाशा), त्यामुळे फरक नकाशात कमी आणि कुठला रस्ता आधी निवडायचा या हिशोबात जास्त असतो. म्हणून प्रोफाइल (कुठल्या प्रकारच्या सायकलिंगसाठी रस्ता निवडायचा ती सेटिंग) नीट निवडा, रोडबाईक असेल तर फास्टबाईक, जरा कच्चा रस्ता चालत असेल तर ट्रेकिंग.

मी एकदा भलत्याच अ‍ॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि बारीक टायर घेऊन चार किलोमीटर खडीतून सायकल ढकलत नेली, तेव्हापासून रूट आखला की बीराउटरचा डेटा टॅब उघडतोच, तिथे रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचे टॅग (नकाशात भरलेली माहिती) दिसतात, सरफेससमोर ग्रॅव्हल म्हणजे खडी दिसली की मधला पॉइंट ओढून रूट दुसरीकडे वळवायचा, ओळ लगेच बदलते. सरफेस लिहिलेलाच नसेल तर तेवढा भाग सॅटेलाइट फोटोत बघून घ्या, कंटाळा करू नका.

चढाचा आकडा मात्र अंदाजाच समजा, पूल आणि बोगद्यांपाशी ग्राफ उगाच उड्या मारतो.

मोबाईलवर वळणं बोलून सांगणारं हवं असेल तर तीच जीपीएक्स ओएसमॅन्ड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये टाका, नकाशा आधी उतरवून ठेवलात तर नेट नसलं तरी चालतं.