एका कॅबिनेटमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (जुळे सोलापूर) : माझ्याकडे एएमडीचं ८ जीबीचं आरएक्स ५८० हे ग्राफिक्स कार्ड आहे. मित्र तसलंच कार्ड स्वस्तात देतोय. मदरबोर्ड बी४५०, पॉवर सप्लाय ५०० वॉटचा. दोन्ही जोडली तर गेम दुप्पट पळतील का?

उत्तर : नाद करू नका. दोन कार्डं जोडायची एएमडीची क्रॉसफायर पद्धत असो की एनव्हीडियाची एसएलआय, दोन्हींत बहुतेक वेळा फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, वाटून घेतल्या जायच्या. पहिली, तिसरी, पाचवी एका कार्डाने काढायची. दुसरी, चौथी, सहावी दुसऱ्याने. पण आजचे बहुतेक गेम नवी फ्रेम गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेमचा डेटा वापरतात. तो डेटा असतो शेजारच्या कार्डात. तो यायची वाट पाहण्यात फायदा संपतो. शिवाय गेम ज्यांच्यामार्फत कार्डाशी बोलतात त्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये दोन कार्डांची सोय गेम बनवणाऱ्यानेच करावी लागते. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’सारख्या मोजक्या गेममध्ये ती आहे, ‘सायबरपंक २०७७’मध्ये नाही. सोय नसेल तिथे दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

जुन्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (एफपीएस) हा आकडा वाढलेला दिसेल, पण आकड्यावर जाऊ नका. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम. दोन कार्डांत एक फ्रेम ८ मिलिसेकंदांनी आणि पुढची २५ नी आली तरी सरासरी ६० च भरते. डोळ्याला मात्र ४० एफपीएससारखं अडखळत जाणवतं.

आता विजेचं बघा. एका ५८० ला १८५ वॉट, दोघांना ३७०. प्रोसेसर आणि बाकीचं धरून हिशेब ५०० च्या घरात जातो, म्हणजे तुमचा पॉवर सप्लाय काठोकाठ. त्यात दुकानदार ‘साटावरून (डिस्कच्या वीजजोडणीवरून) कार्डाच्या आठ पिनचं कन्व्हर्टर लावून देतो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. साटाच्या पिनेतून १२ व्होल्टवर ५४ वॉटच मिळतात, आठ पिनची मागणी १५० पर्यंत जाते, प्लास्टिक वितळतं. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. गेम चालू असताना लाइट गेली की तोही मान टाकणार.

बी४५० वर दुसरा लांब स्लॉट बहुधा चिपसेटवरून (थेट प्रोसेसरवरून नाही, बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून) येतो, तोही जुन्या पीसीआयई २.० चा आणि चारच लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट). सगळ्या बाजूंनी घाटाच. जुनं कार्ड विका, वर पैसे घालून आरएक्स ६६०० सारखं एकच घ्या. त्याला १३२ वॉट आणि एक आठ पिन पुरते, हाच पॉवर सप्लाय चालतो.

प्रश्न (विजापूर रोड) : ४ जीबीची दोन कार्डं लावली तर ८ जीबी होतात का? दुकानात ‘होतात’ म्हणाले.

उत्तर : गेमसाठी नाही. दोन्ही कार्डं पाळीपाळीने तेच दृश्य काढतात, त्यामुळे प्रत्येकाच्या मेमरीत तेच टेक्श्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) ठेवावं लागतं. ४ आणि ४ मिळून ४ च. संगणकावर स्वतःचं एआय मॉडेल चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात आणि मेमरी खरोखर बेरजेत मिळते.

प्रश्न (सात रस्ता) : एनव्हीडियाची दोन जीटीएक्स १०६० एकमेकांना जोडायचा ब्रिज कुठे मिळेल?

उत्तर : मिळाला तरी लावायला जागा नाही. १०६० ला एसएलआयची जोडणीच दिलेली नाही. १० मालिकेत ही सोय १०७० पासून वर होती. ३० मालिकेत ती फक्त ३०९० आणि ३०९० टीआयवर उरली आणि ४० मालिकेत गेलीच. एनव्हीडियाने १ जानेवारी २०२१ नंतर नव्या गेमसाठी एसएलआय प्रोफाइल (त्या गेमला दोन कार्डं वापरायला लावणारी सेटिंग) देणंही बंद केलं.

प्रश्न (होटगी रोड) : नवं कार्ड घेतलं, जुनं १०५० टीआय पडून आहे. ‘लॉसलेस स्केलिंग’ या अ‍ॅपमध्ये ते दुसरं कार्ड म्हणून वापरता येतं असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि गेमसाठी दुसरं कार्ड लावण्याचा आज पटण्यासारखा हा एकच मार्ग. इथे मुख्य कार्ड खऱ्या फ्रेम काढतं आणि जुनं कार्ड मधल्या फ्रेम तयार करून घालतं. ब्रिज लागत नाही. एक कार्ड एनव्हीडियाचं, दुसरं एएमडीचं असलं तरी चालतं.

नवं कार्ड वरच्या स्लॉटमध्ये, जुनं खालच्या. मॉनिटरची केबल जुन्या कार्डाला लावा. निम्मी मंडळी इथेच चुकतात, केबल नव्याला लावतात. मग तयार फ्रेम पुन्हा उलट्या नव्या कार्डाकडे जातात आणि सगळं मंदावतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेमसाठी नवं कार्ड निवडा. अ‍ॅपमध्ये ‘प्रिफर्ड जीपीयू’ म्हणून जुनं. गेम बॉर्डरलेस विंडोत ठेवा. १२० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर गेम ६० एफपीएसवर बांधून अ‍ॅपमध्ये दुप्पट करा.

मग टास्क मॅनेजर उघडून दोन्ही कार्डांचा वापर बघा. नवं रिकामं आणि जुनं शंभर टक्क्यांवर असेल तर गेम चुकीच्या कार्डावर सुरू झालाय. खालचा स्लॉट किती लेनचा चालतोय ते जीपीयू-झेड या अ‍ॅपमध्ये ‘बस इंटरफेस’समोर दिसतं. १०८०पीसाठी पीसीआयई ३.० च्या चार लेन पुरतात, ४के ला त्या कमी पडतात. एकच लेन दिसत असेल तर कार्ड काढून ठेवा. काही बोर्डांवर दुसरी एनव्हीएमई डिस्क लावली की खालचा स्लॉट बंद पडतो, ते मॅन्युअलमध्ये तपासा.

माउस आणि पडदा यांच्यातला उशीर मात्र थोडा वाढतो. ‘व्हॅलोरंट’सारखा चपळाईचा नेमबाजी गेम खेळणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न (अक्कलकोट रोड) : चादर-टॉवेलची जेकार्ड (मागावर विणून काढायच्या नक्षीची) डिझाइनं करतो, त्यांचे थ्रीडी नमुने ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करतो. आरटीएक्स ३०६० आहे. दुसरं घ्यावं का?

उत्तर : जेकार्डच्या डिझाइनसाठी नको. ते काम द्विमितीय चित्राचं, त्याला रॅम, एसएसडी आणि रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर महत्त्वाचा. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये मात्र दुसऱ्या कार्डाचे पैसे वसूल होतात, कारण चित्राचे तुकडे खरोखर वाटले जातात आणि मोठ्या रेंडरचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम, तिथे ऑप्टिक्स हा पर्याय निवडून दोन्ही कार्डांवर टिक करा, आणि रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस ‘जीपीयू कॉम्प्युट’ ठेवा. ईव्ही हे ब्लेंडरचं दुसरं इंजिन वापरत असाल तर काम एकच कार्ड करतं.

दुसरंही एनव्हीडियाचं आणि १२ जीबीचंच घ्या. अख्खा सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावावा लागतो. टॉवेलचे लूप एकेक करून दाखवायला लागलात की ८ जीबी बघता बघता भरते. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा ७५० वॉटचा हवा, आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल. कार्डांमध्ये निदान एका स्लॉटची मोकळी जागा सोडा, नाहीतर वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढत बसतं.

प्रश्न (साखर पेठ) : शेजारी माग आहेत. उन्हाळ्यात आधीच दोन कार्डांचा पीसी तापून गेम अडकतात. कूलर समोर ठेवला तर?

उत्तर : मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की खोलीतली हवाच गरम असते, आणि दोन कार्डं तिच्यात आणखी साडेतीनशे वॉट ओततात. जीटीएक्स १०८० सारखं कार्ड ८३ अंशांना पोचलं की स्वतःच वेग कमी करतं. तुमचं अडकणं बहुधा तेच. गेम एकाच कार्डावर चालत असतील तर खालचं काढून बघा. वरच्याला हवा मिळून वेग उलट वाढण्याची शक्यता आहे. कूलर खोलीत चालू द्या, पण झोत थेट कॅबिनेटवर नको. पाण्याचे तुषार आत गेले की सुकल्यावर क्षार बोर्डावर राहतात.

मागाजवळच्या घरात खरा त्रास रुव्याचा, म्हणजे कापसाच्या तंतूंचा. साधी धूळ फुंकरीने उडते, रुवा हीटसिंकच्या पट्ट्यांत नमद्यासारखा बसतो. पंखा फिरत असतो पण हवा पलीकडे जात नाही. हवा आत घेणाऱ्या जाळ्या दर आठवड्याला काढून झटका. महिन्याला कार्ड बाहेर काढून ब्लोअरने उलट्या दिशेने, म्हणजे पट्ट्यांकडून पंख्याकडे हवा मारा. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर ब्लोअरच्या वाऱ्याने तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.