लर्निंग लायसन्स होतं, पण कोणत्या गाडीचं?

प्रश्न: मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे. त्याच्याकडे विनागिअर गाडीचं लर्निंग लायसन्स आहे. पत्नीच्या नावावरची ११० सीसीची स्कूटर घेऊन तो रोज क्लासला जातो. नाकाबंदीत त्याला अडवलं, गाडी ताब्यात घेतली आणि आता पत्नीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-ए खाली समन्स आलं आहे. लायसन्स असताना गुन्हा कसा? दंड भरून मिटवून टाकू का?

उत्तर: दहावीचे निकाल लागले की अशी पत्रं सुरू होतात, आणि बहुतेकांनी वाचायची ओळ एकच सोडलेली असते. ती ओळ, अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक आणि गाडीमालकाला जबाबदार धरणाऱ्या १९९-ए च्या पोटकलम (३) मध्ये आहे. मुलाकडे लर्निंग किंवा पक्कं लायसन्स असेल आणि ज्या गाडीचं लायसन्स आहे तीच गाडी तो चालवत असेल, तरच पालक आणि मालक सुटतात. तुम्ही पहिल्या अर्ध्यावर थांबलात.

कलम ४ प्रमाणे वाहन चालवण्याचं वय १८. सोळाव्या वर्षीची सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला आहे. लायसन्सवर ‘विनागिअर’ दिसतं म्हणून कुठलीही स्कूटर चालते, असं लोक धरून चालतात. गिअर नसणं पुरेसं नाही. इंजिनाची क्षमता आरसीवर छापलेली असते, ती बघायला अर्धं मिनिट लागतं. बाजारातल्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत, म्हणजे सवलत पुस्तकात आहे आणि गाडी दुकानात नाही. हा विनोद कायदा करणाऱ्यांचा आहे, पण कोर्टात तो बचाव होत नाही. ११० सीसीमुळे पोटकलम (३) तुमच्या हातून गेलं.

उरतो पोटकलम (१) चा अपवाद: गुन्हा माझ्या नकळत घडला, किंवा तो घडू नये म्हणून मी सर्व खबरदारी घेतली होती. इथे कोर्ट मुळातच तुमची संमती गृहीत धरतं. उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. ‘रोज क्लासला जातो’ हे तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे तुम्ही स्वतः हा बचाव घेण्याच्या भानगडीत पडू नका. शिवाय अठराच्या आतल्या मुलाच्या लर्निंगसाठी पालकाची लेखी संमती लागते, तीही फाइलला आहे. पत्नीचं मात्र वेगळं असू शकतं. त्या नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहत असतील, गाडी आणि किल्ली तुमच्या ताब्यात असेल, तर बदलीचा आदेश, भाडेकरार असे कागद काढा. खरं असेल तरच. खोटं सांगून उलटतपासणीत सापडलात तर आजच्यापेक्षा वाईट अवस्था होईल.

आता दंडाचं. पोटकलम (२) मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि जागेवर तडजोड शुल्क भरून मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत १९९-ए नाही. मुलाच्या नावाचं कलम १८१ चं (वयाची किंवा लायसन्सची अट मोडून गाडी चालवणं) ५,००० रुपयांचं चलन त्या यादीत येतं, म्हणून लोक मोबाइलवर भरून मोकळे होतात. वकिलाला विचारल्याशिवाय भरू नका. ते भरणं पुढे कबुली म्हणून समोर येऊ शकतं, आणि मुलाने गुन्हा केला हे ठरलं की पोटकलम (४) आणि (५) लागू होतात: गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. (३) ची सूट या दोन पोटकलमांना नाहीच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पंचविशीच्या बंदीविरुद्ध बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ मांडता येईल. त्यात, त्या कायद्याखाली प्रकरण हाताळलेल्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असं म्हटलं आहे. मुद्दा चांगला आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं, मॅजिस्ट्रेटपुढे नाही. दोन्हीकडच्या जबाबांत फरक पडू देऊ नका.

गाडी सोडवण्याचा अर्ज मालक म्हणून पत्नीच्या सहीने जाईल. ताबा पोलिसांनी घेतला की आरटीओने, यावर तो कुठे द्यायचा ते ठरेल, पावती बघा. आरटीओकडून नोंदणीबाबत नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. कोर्टाच्या तारखा लांबतात म्हणून ही मुदतही लांबेल, असं समजून नोटीस कपाटात ठेवणारेच पुढे आमच्याकडे धावत येतात.

अपघात झाला नाही हे तुमचं नशीब. झाला असता तर स्वर्णसिंग प्रकरणातल्या २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या आधारे, विमा कंपनीला जखमीला भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करू दिली जाऊ शकली असती.

आता बॅटरीवरची गाडी घ्यायचा विचार असेल तर मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आहे, हे मंजुरीच्या कागदावर तपासा; तरच ती मोटार वाहन धरली जात नाही. वेगमर्यादा काढून टाकलेली गाडी मोटार वाहनच धरली जाते, आणि मग पुन्हा १९९-ए.