नाव एक, गिऱ्हाइकं दोन : डायच्या अदलाबदलीची नोटीस

प्रश्न : माझं छोटं ब्यूटी पार्लर आहे. वैशालीताई नावाच्या दोघी नेहमी येतात. एकीला डाय, दुसरीला फक्त मेंदी, कारण तिला डाय सोसत नाही. वहीत नुसतं ‘वैशाली’ लिहिलेलं. हेल्पर मुलीने मेंदीवाल्या ताईंना डाय लावला. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला. त्यांनी पाठवलेल्या फोटोसह मी माफीचा मेसेज लिहिला, तोही चुकून दुसऱ्या वैशालीताईंना गेला. आता तीन लाखांची वकिली नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर ग्राहक आयोग आणि पोलीस. मुलीच्या पगारातून कापू का?

उत्तर : ताई, आधी शेवटचं. मुलीच्या पगाराला हात लावू नका. गिऱ्हाईक तुमच्या पार्लरमध्ये आलं होतं, त्यामुळे तिच्या चुकीची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरच येते. नोटिशीच्या उत्तरात तिच्यावर ढकलूनही तुमची सुटका होणार नाही.

चूक नाकारायची का, हा प्रश्नच उरलेला नाही. डाय सोसत नाही हे माहीत असताना तो लागला, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी हे रसायन असतं. अशा डायच्या खोक्यावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे, म्हणजे धोका माहीत नव्हता असंही म्हणता येणार नाही. शिवाय तुमचा माफीचा मेसेज दुसऱ्या वैशालीताईंच्या फोनमध्ये आहे. तो तुमच्याकडून पुसू नका, वहीचं पानही बदलू नका. लपवाछपवी उघडी पडली तर मूळ चुकीपेक्षा तीच जास्त महागात पडते.

मला जास्त काळजी फोटोची वाटते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला कळवणं याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडतं. चुकून गेला हे खरं, पण सुजलेला चेहरा ओळखीतल्या बाईने पाहिला याची लाज त्या ताईंनाच सोसावी लागली. दुसऱ्या वैशालीताईंना आजच फोन करून फोटो काढून टाकायला सांगा.

तीन लाख मात्र मागितले म्हणून द्यायचे नसतात. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली केस चुकीचे कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये त्या गिऱ्हाइकाला दोन कोटींची भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्रुटी मान्य ठेवली, पण पुराव्याशिवाय रक्कम ठरत नाही म्हणून प्रकरण परत पाठवलं. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं, कामाचे बुडालेले दिवस यांचा तपशील मागा.

पोलिसांचं नाव ऐकून घाबरू नका. निष्काळजीपणे दुखापत केल्याबद्दल तक्रार होऊ शकते, पण तो गुन्हा जामीनपात्र आहे.

नोटिशीला मुदतीत, वकिलामार्फत उत्तर द्या : अदलाबदल झाली, खेद आहे, उपचाराचा खर्च द्यायला तयार आहोत, तीन लाखांचा आधार दाखवावा. तडजोड झाली तर ती लेखी, तुमच्या आणि त्या ताईंच्या सहीने, आणि पैसे चेकने. प्रकरण आयोगात गेलंच, तर तक्रारीची प्रत हाती आल्यापासून तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. आयोग फार तर पंधरा दिवस वाढवून देतो. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही.

उत्तर पाठवण्याआधी एकदा त्या ताईंच्या घरी जाऊन या. सोबत वाटल्यास घरातलं मोठं माणूस न्या, पैशांचं बोलणं त्या भेटीत काढू नका. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहे, तुम्ही स्वतः आलात एवढं तरी त्यांना दिसू द्या.