परदेश प्रवासात बॅग हरवली तर विमान कंपनी किलोला 20 डॉलरच देते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईबाबा सांगलीहून मुंबईला आणि तिथून आखातात विमान बदलून शिकागोला मुलाकडे आले. मुंबई ते मुंबई असं जाऊन-येऊन एकच तिकीट. चार बॅगांपैकी दोन आल्या नाहीत. एक पाच दिवसांनी घरी पोचली, पण कुलूप तुटलेलं आणि आतल्या साड्या, चांदीची भांडी गायब. दुसरीचा दहा दिवस झाले तरी पत्ता नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो किलोमागे 20 डॉलर मिळतील, मित्र म्हणतो 600 युरो मिळतात. खरं काय?

पैशांचं मग बघू, आधी कॅलेंडर बघा. खराब झालेली किंवा वस्तू काढून घेतलेली बॅग हातात पडली की त्या दिवसापासून सात दिवसांच्या आत कंपनीकडे लेखी तक्रार जावी लागते. तुमच्याच हिशेबाने पाच दिवस गेले आहेत. तेव्हा हे वाचणं इथेच थांबवा, ईमेल करा आणि मग पुढे वाचा.

ईमेल इंग्रजीत करा, पण मजकूर साधारण असा असू द्या: "अमुक तारखेला अमुक फ्लाइटने मुंबई ते शिकागो प्रवास केला. बॅग टॅगचा नंबर हा. बॅग अमुक तारखेला घरी मिळाली. कुलूप तुटलेलं आहे, चेन उसवली आहे आणि सोबतच्या यादीतल्या वस्तू आत नाहीत. ही मॉन्ट्रियल कराराच्या कलम 31 खालची लेखी तक्रार समजावी." (मॉन्ट्रियल करार म्हणजे विमान प्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं पुढे सांगते.) फोटो जोडा. किमतीची यादी पक्की नसली तरी चालेल, ती नंतर पाठवता येते. तारीख मात्र नंतर दुरुस्त होत नाही. आईंनी रात्रभर कसं रडून काढलं ते त्यात लिहू नका, वाचणाऱ्याला फक्त टॅग नंबर हवा असतो. कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म असेल तर तोही भरा आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

हे इतक्या घाईने सांगते आहे, कारण मी सहार विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या कंपनीत बॅगेज काउंटरला बरीच वर्षं काढली. कायदा प्रवाशाच्या बाजूचा असून माणसं हात हलवत परत जाताना पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच असायचं: "आम्ही फोन करत होतो ना रोज!" त्या फोनची कुठे नोंद नसते.

दुसरी गल्लत पीआयआरची. बॅग पट्ट्यावर आली नाही की काउंटरवर जो रिपोर्ट बनवून देतात, तो पीआयआर. त्यावर दहा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग पाच आकडे. लोकांना वाटतं हाच दावा. कंपन्या मात्र हा नुसता शोधाचा कागद आहे असं म्हणून मोकळ्या होतात. तो जपून ठेवाच, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

बेपत्ता बॅगेचं आता सांगते. रात्री दोन-अडीचला पट्टा थांबतो, प्रवासी काउंटरवर येतो आणि आम्ही त्याच्यापुढे बॅगांच्या चित्रांचा तक्ता ठेवतो. रंग? काळा. चाकं? दोन, नाही, चार. आत काय आहे? "कपडे." जगातल्या निम्म्या बॅगा काळ्या असतात आणि सगळ्यांत कपडे असतात. टॅग फाटून पडलेली बॅग शेवटी कुठल्या तरी विमानतळावर उघडतात आणि आतल्या वस्तू नोंदवतात. शोधाच्या संगणकावर तुमची यादी आणि ती यादी जुळवली जाते. तेव्हा आईंना विचारा की वरच्या थराला काय होतं. पुरणयंत्र होतं? मोदकाचा साचा? बाबांचं रक्तदाबाचं मशीन? अशी एखादी वेगळी वस्तू त्या पीआयआर नंबरवर कळवा. बॅग हरवल्यावर पहिल्या आठवड्यात याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा रागावलेल्या ईमेलांचा होत नाही.

बॅग उशिरा मिळाली, तर मिळाल्यापासून 21 दिवसांत उशिराबद्दलची लेखी तक्रार जायला हवी. बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून 21 दिवस होऊनही ती आली नाही, किंवा त्याआधीच कंपनीने हरवली असं कबूल केलं, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. "अजून शोध चालू आहे" हे उत्तर त्यानंतर ऐकून घ्यायचं कारण नाही.

आता ते 20 डॉलर. हा आकडा त्या माणसाने मनाने काढलेला नाही. 1929 च्या वॉर्सा करारात सामानाची भरपाई वजनावर होती, किलोला 250 सोन्याचे फ्रँक. त्याचे पुढे डॉलर करून साधारण 20 झाले. त्या हिशेबाने तुमच्या 23 किलोच्या बॅगेचे 460 डॉलर होतात, मग आत पैठणी असो की जुनी वर्तमानपत्रं. कित्येक तिकिटांच्या मागच्या बारीक अक्षरात हा आकडा अजून आहे आणि कॉल सेंटरच्या पोरांना तोच पाठ असतो.

पण मॉन्ट्रियलमध्ये 28 मे 1999 रोजी नवा करार झाला, तो 4 नोव्हेंबर 2003 पासून लागू आहे. अमेरिका त्यात तेव्हापासूनच आहे, भारत 2009 मध्ये सामील झाला आणि आपल्या 1972 च्या कॅरेज बाय एअर ॲक्टमध्ये तो घातला गेला. चेक-इन केलेल्या सामानासाठी त्याने वजन बाजूला ठेवून माणूस धरला. दर प्रवाशामागे एक कमाल रक्कम, एसडीआरमध्ये. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं चलन. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड मिळून त्याचा भाव ठरतो. सुरुवातीला ही मर्यादा 1,000 एसडीआर होती. महागाईनुसार ती वाढत गेली आणि 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 झाली. म्हणजे दोन हजार डॉलरच्या थोडं वर. रुपयांत पावणेदोन ते दोन लाखांच्या मध्ये. भारतात हे आकडे केंद्र सरकार अधिसूचनेने बदलतं, म्हणून इथल्या ग्राहक आयोगापुढे जायची वेळ आली तर तुमच्या प्रवासाच्या तारखेला कुठला आकडा लागू होता ते वकिलाकडून बघून घ्या.

ही कमाल मर्यादा आहे, बक्षीस नाही. नुकसान दाखवाल तेवढं मिळेल. चेक-इन सामान कंपनीच्या ताब्यात असताना हरवलं किंवा फुटलं, तर कंपनीची चूक तुम्हाला सिद्ध करावी लागत नाही. सूट एवढीच की मालाच्या अंगच्या दोषाने नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल होतं आणि तेलाने साड्या गेल्या, तर त्याला कोणी विचारत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर सासूने दिलेल्या साडीची पावती कोणाकडे असते? लग्नातले, मुंजीतले फोटो काढा ज्यात ती साडी अंगावर आहे. चांदीच्या भांड्यांचं सराफाचं बिल नसेल, पण त्याच सराफाकडून वजन आणि भाव लिहून मिळू शकतो. नव्या कपड्यांसाठी कार्डाचं स्टेटमेंट, यूपीआयची नोंद. वीस वर्षांच्या शालूचे नवे भाव लावू नका. कंपनी वापराची घसारा-वजावट करणारच, आणि एक आकडा फुगवलेला सापडला की बाकी यादीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

चांदीबद्दल ते सांगतील की आमच्या अटींत "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी नाही" असं लिहिलं आहे. करारात ठरलेली जबाबदारी कमी करणारी अट कलम 26 प्रमाणे रद्दबातल ठरते. अमेरिकेच्या परिवहन खात्यानेही 2009 मध्ये कंपन्यांना बजावलं होतं की आंतरराष्ट्रीय प्रवासात एकदा सामान ताब्यात घेतलं की अमुक वस्तूंची जबाबदारी आमची नाही असं म्हणता येणार नाही. तरी चांदी चेक-इनमध्ये का टाकली, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि त्यावरून थोडी कपात होऊ शकते. जादा किमतीचं सामान असेल तर चेक-इनच्या वेळी किंमत जाहीर करून, जादा पैसे भरून मर्यादा वाढवून घेता येते. काउंटरवर हे मागणारा प्रवासी दुर्मिळ, आणि मागितलंच तर समोरच्याला कुठला फॉर्म द्यायचा ते माहीत असणं त्याहून दुर्मिळ.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चारी बॅगांचे टॅग बाबांच्या बोर्डिंग पासला चिकटवतात आणि आत आईचं-बाबांचं सगळं मिसळून भरलेलं असतं, 23 किलो जमवायला घरात वजनकाट्यावर जे नाटक होतं त्यामुळे. मग कंपनी म्हणते, प्रवासी एक, मर्यादा एक. बार्सिलोनाहून पॅरिसला गेलेल्या चौघांच्या एका कुटुंबाचं असंच झालं होतं, सामान दोन बॅगांत होतं आणि दोन्ही गेल्या. 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याच्या नावावर चेक-इन झालेल्या बॅगेत आपल्या वस्तू होत्या हे जो दाखवेल, त्याला स्वतःच्या मर्यादेत दावा करता येतो. तो निकाल शिकागोत किंवा सांगलीत बंधनकारक नाही, पण करार तोच आणि कलम तेच. म्हणून यादी दोन करा, आईंची वेगळी, बाबांची वेगळी, आणि दावेही दोघांच्या सहीने वेगळे पाठवा.

बॅग नसताना जे विकत घ्यावं लागलं, म्हणजे औषधं, थंडीचे कपडे, चपला, त्याच्या पावत्या उशिराच्या दाव्यात लावा. "दिवसाला 50 डॉलरच" असा काही नियम करारात नाही. मात्र इथे कंपनीला बचाव आहे: उशीर टाळायला शक्य ते सगळं केलं हे तिने सिद्ध केलं तर ती सुटते. खर्च वाजवी ठेवा. जॅकेट ठीक, डिझायनर जॅकेट नको.

मित्राचे 600 युरो हे वेगळंच प्रकरण. तो युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम, फ्लाइट रद्द झाली, फार उशीर झाला किंवा पक्कं तिकीट असून चढू दिलं नाही त्यासाठी, अंतरानुसार 250, 400 किंवा 600 युरो. युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागतो, युरोपात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपची असेल तरच. बॅगेशी त्याचा संबंध नाही आणि तुमच्या मार्गाशीही नाही.

दोन कंपन्यांची विमानं होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर "बॅग त्यांनी हरवली, त्यांना विचारा" हा चेंडू दोन्हीकडून येईल. सामानाच्या बाबतीत एकाच तिकिटावर पहिल्या कंपनीवर, शेवटच्या कंपनीवर आणि प्रत्यक्ष जिच्याकडे हरवली तिच्यावर, तिघींवरही दावा चालतो. दोघींना एकच ईमेल पाठवा, दोघींचे पत्ते वरच दिसू द्या.

ऐकलंच नाही तर कुठे जायचं? करारानुसार कंपनीचं मुख्यालय असलेल्या देशात, तिच्या ज्या कार्यालयामार्फत तिकीट झालं तिथे किंवा प्रवासाच्या अंतिम ठिकाणी. आणि मुंबई-शिकागो-मुंबई अशा एकाच तिकिटाचं अंतिम ठिकाण कायद्याच्या नजरेत मुंबई असतं. त्यामुळे आईबाबा परत आल्यावर भारतातल्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात. ग्राहक मंच (आयोगाचं जुनं नाव) अशा दाव्यांसाठी न्यायालयच समजायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलेलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं, पण कंपनी कराराचं कलम 33 दाखवून सांगलीला हरकत घेईल, म्हणून मी मुंबईच निवडेन. तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

त्याआधी 1,519 एसडीआरचा आकडा आणि कराराचं मर्यादेचं कलम 22 लिहून कंपनीला एकदा नोटीस द्या. काउंटरपलीकडून पाहिलेलं सांगते: कलमाचा नंबर असलेलं पत्र वेगळ्या ट्रेमध्ये जायचं.

शेवटची मुदत दोन वर्षांची, ती विमान शिकागोला पोचलं त्या दिवसापासूनच मोजा. ती गेली की हक्कच संपतो, "त्यांनी वाटाघाटी लांबवल्या" हे सांगून सहसा माफी मिळत नाही. आणि पीआयआरचा नंबर इथे किंवा फेसबुकवर कुठे टाकू नका. तो नंबर आणि आडनाव एवढ्यावर कोणालाही तुमची शोधाची फाइल उघडता येते, आणि बॅग सापडल्यावर ती कुठे पोचवायची ते त्यातच ठरतं.