अमेरिकेत गुंडांच्या टोळीवर दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम घेतात म्हणे. म्हणजे आपली तडीपारीच का?

नाही. तडीपार झालेल्याला हद्द सोडून जावं लागतं. तिथे माणूस आपल्या घरीच राहतो, पण आपल्याच गल्लीत कुणाबरोबर उभं राहायचं नाही हे कोर्ट सांगतं. मी दिवाणी बाजूची वकिली करतो. शेजाऱ्याच्या सांडपाण्यावरून लावतात तसला दावा टोळीवर लावलेला वाचला, तेव्हा चक्रावलोच.

कॅलिफोर्नियात असा पहिला गाजलेला हुकूम १९८७ सालचा, लॉस एंजेलिसमधला. पण वाचावा असा निकाल सॅन होजेच्या रॉकस्प्रिंग्ज वस्तीचा आहे. चार चौकांएवढी जागा. टोळीची पोरं लोकांच्या अंगणात दारू पीत बसायची, गॅरेजमध्ये लघवी करायची, पोलीस आले की कुणाच्याही घरातून पळायची. एका बाईला धमकी दिली होती, पोलिसांशी बोललीस तर नऊ वर्षांच्या मुलीची जीभ कापू. आता सांगा, साक्षीला कोण उभं राहणार? फौजदारी खटला तिथेच अडतो. म्हणून शहराने ३८ जणांची नावं घालून सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला. वस्तीत आपसांत एकत्र उभं राहायचं नाही, बसायचं नाही, चालायचं नाही, गाडीतूनही फिरायचं नाही, असं त्यातलं एक कलम होतं. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. हुकूम मोडला तर अवमान, सहा महिन्यांपर्यंत कैद.

त्या आईचा विचार केला की हुकूम मला पटतो. खटकतं ते पुढचं. दावा दिवाणी, म्हणून गरिबाला सरकारी खर्चाने वकील नाही. लॉस एंजेलिसमध्ये तर दावा टोळीच्या नावावर चालायचा आणि हुकूम मिळाल्यावर 'हा त्यांच्यातलाच' असं पोलिसांनी ठरवलं की त्याच्या हातात कागद. न्यायाधीशासमोर तो कधी उभाच राहिलेला नसायचा. सख्ख्या भावाबरोबर कोपऱ्यावर उभं राहणंही मग गुन्हा व्हायचं. २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने हे थांबवलं आणि २०२० च्या तडजोडीत शहराने आधी सुनावणीची संधी द्यायचं कबूल केलं. माझ्या मते हे तीस वर्षं उशिरा झालं.

आपल्याकडे तडीपारीसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये टोळ्यांसाठी कलम ५५ आहे, एकट्या माणसासाठी ५६. हुकूम न्यायाधीश देत नाही. पोलीस अधिकारी किंवा प्रांत देतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. त्याआधी आरोप कळवून खुलासा मागणारी कलम ५९ ची नोटीस द्यावीच लागते. माझ्याकडे ही नोटीस घेऊन येणारी पोरं बहुतेक वेळा तारीख उलटून गेल्यावर येतात, कागद खिशात चौघडी होऊन मळलेला. तुमच्या ओळखीत कुणाला अशी नोटीस आली असेल, तर त्याच दिवशी वकील गाठा. तोंडी खुलाशावर थांबू नका. म्हणणं लेखी द्या आणि पोच घ्या.