परवा म्हणजे नक्की कधी? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी साडेचार वर्षांची मुलगी "परवा" हा शब्द मागच्या दिवसासाठी पण वापरते आणि पुढच्यासाठी पण, तिला समजवायला गेले तेव्हा लक्षात आलं की चूक तिची नाहीच, शब्दच तसा आहे! नंतर कुठेतरी वाचलं की भाषेप्रमाणे माणसाची काळाची जाणीव बदलते. मग आपल्या मराठी लोकांच्या डोक्यात मागच्या-पुढच्याची गल्लत जास्त असते का?

उत्तर : अजिबात नाही, आणि मुलीला तर बिलकुल टोकू नका, ती बरोबर बोलतेय. "परवा" फक्त अंतर सांगतो, मधे एक दिवस सोडून एवढंच, मागे की पुढे ते क्रियापद सांगतं. परवा आले होते, परवा येईन, संपलं. तेरवाचंही तसंच. आणि क्रियापदावर तरी किती भरवसा ठेवणार, आतल्या खोलीतून "आलेच!" म्हणून ओरडणारी बाई अजून खुर्चीतून उठलेली पण नसते, रूप भूतकाळाचं आणि येणं व्हायचंय, तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. लहान मुलांचं म्हणाल तर इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर यावर छान काम झालंय, चारेक वर्षांच्या मुलांना "काल" म्हणजे होऊन गेलेलं आणि "उद्या" म्हणजे व्हायचंय एवढं बऱ्यापैकी कळतं, पण ते नेमकं किती लांब हे पक्कं व्हायला सातवं वर्ष तरी उजाडतं.

आता मोठा प्रश्न, भाषा काळाची जाणीव बदलते का. थोडीशी बदलते, पण नेटवर सांगतात तेवढी नाही, आणि शब्दकोशात एखादा शब्द सापडला म्हणून तर नाहीच नाही. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण या विषयात लोक एका शब्दावरून अख्ख्या समाजाच्या मनाबद्दल बोलून मोकळे होतात आणि मला ते मनापासून खटकतं.

चिनी भाषेचंच बघा. मँडरिनमध्ये मागच्या महिन्याला "वरचा महिना" आणि पुढच्याला "खालचा महिना" म्हणतात. लेरा बोरोडित्स्की यांनी 2001 मध्ये प्रयोग छापला की हे लोक काळाचा विचारही उभ्या रेषेत करतात, खूप गाजला. मग 2007 मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या संशोधकांनी तोच प्रयोग परत केला आणि त्यांना तसं काही दिसलं नाही. 2011 मध्ये बोरोडित्स्कींनीच पद्धत बदलून बघितलं तेव्हा उभ्या रेषेचा कल थोडा दिसला. अशी ही पुढेमागे होणारी गोष्ट आहे, पण आपल्यापर्यंत पोचते ती फक्त पहिली बातमी.

त्यापेक्षा माणसं हातांनी काय करतात ते बघावं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आयमारा भाषा बोलतात, तिच्यात होऊन गेलेला काळ डोळ्यांसमोर असतो आणि येणारा पाठीमागे, कारण घडून गेलेलं दिसलेलं असतं, येणारं कोणी पाहिलंय? 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की तिथली म्हातारी माणसं जुन्या गोष्टी सांगताना हात खरंच पुढे नेतात. आणि ऑस्ट्रेलियात पोर्मपुरावला कूक थायोरे बोलणाऱ्यांना एका माणसाच्या लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचे फोटो क्रमाने लावायला दिले तर त्यांनी ते पूर्वेकडून पश्चिमेकडे लावले. म्हणजे दक्षिणेला तोंड करून बसवलं तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेला बसवलं तर उलट, आणि पूर्वेला तोंड असेल तर समोरून स्वतःकडे! त्यांच्या रोजच्या बोलण्यात डावं-उजवं जवळपास नसतंच, दिशाच असतात.

गंमत म्हणजे आपल्याकडेही "पूर्व" ही दिशा आणि "पूर्वी" हा काळ एकाच शब्दातून आलेत, पश्चिम आणि पश्चात यांचंही तसंच. पण म्हणून तुम्ही फोटो पूर्वेकडून लावायला घेता का? नाही ना. म्हणूनच म्हणतो, शब्द हा पुरावा नाही, शब्द फक्त कुठे शोधायचं ते सांगतो.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग 2017 चा आहे, बिलुंड आणि अथनासोपूलोस यांचा. स्वीडिश लोक वेळ "लांब" म्हणतात, स्पॅनिश लोक "पुष्कळ". स्क्रीनवर एक रेषा हळूहळू वाढते किंवा एक भांडं तळापासून भरत जातं, आणि बघणाऱ्याने फक्त किती वेळ लागला ते सांगायचं. वेळ सारखाच पण रेषा जास्त लांब गेली की स्वीडिश लोकांना वेळ जास्त गेल्यासारखा वाटतो, आणि स्पॅनिश लोक भांडं जास्त भरलं की फसतात. दोन्ही भाषा येणारे तर त्यावेळी वेळेसाठी ज्या भाषेतला शब्द समोर दिला तसे फसले, माणूस तोच! आणि शब्द काढून टाकला तर हा फरकही गेला. म्हणजे आतलं घड्याळ भाषेने बदललेलं नाही, अंदाज अवघड झाला की मन हाताशी असलेल्या शब्दाचा आधार घेतं, एवढंच. तुम्ही विचारलेल्या गल्लतीला यात कुठे जागा दिसत नाही मला.

प्रश्न : न कळणाऱ्या भाषेत लोक फारच भराभर बोलतात असं का वाटतं? खरंच काही भाषांचा स्पीड जास्त असतो का?

उत्तर : थोडा असतो. जपानी किंवा स्पॅनिशमध्ये सेकंदाला अक्षरं जास्त पडतात, व्हिएतनामीमध्ये कमी. पण 2019 मध्ये 17 भाषा मोजून बघितल्या तर भराभर बोलणाऱ्यांच्या एकेका अक्षरात माहिती कमी आणि सावकाश बोलणाऱ्यांच्या अक्षरात जास्त निघाली, दोन्हीचा गुणाकार साधारण सेकंदाला 39 बिट्सच्या (बिट म्हणजे माहिती मोजायचं माप) आसपास येतो. खरं कारण तुमच्या कानामागे आहे. बोलताना शब्दांच्या मधे गॅप नसतोच, लिहिताना आपण जागा सोडतो म्हणून तसं वाटतं. "घरीजाऊनफोनकरते" असाच सलग आवाज येतो आणि ओळखीच्या भाषेत मेंदू तो स्वतः तोडतो, अनोळखी भाषेत कुठे तोडायचं तेच कळत नाही म्हणून सगळं अंगावर धावून आल्यासारखं होतं. हे तोडणं आपण शिकतो कधी? 1996 च्या एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांना खोट्या शब्दांची सलग ध्वनिफीत फक्त दोन मिनिटं ऐकवली, अक्षरामागून कुठलं अक्षर नेहमी येतं एवढ्यावरून त्यांनी शब्द वेगळे काढले.

प्रश्न : माझे मिस्टर मी वाक्य संपवायच्या आधीच उत्तर तयार ठेवतात. ऐकतच नाहीत असं समजू का?

उत्तर : नका समजू, निदान एवढ्यावरून तरी. दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या गेल्यात, एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला बहुतेक वेळा सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि साध्या चित्राचं नाव सांगायला मात्र आपल्याला याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे उत्तराची जुळवाजुळव तुमचं वाक्य चालू असतानाच सुरू झालेली असते, त्यांची आणि तुमचीही, आणि वाक्य कुठे संपणार याचा अंदाज नीट ऐकल्याशिवाय लागत नाही. तोडून मधेच बोलत असतील तर मात्र ते वेगळं, ते त्यांच्याशीच बोला.